मालकाच्या अनुपस्थितीचा प्रश्न : महाराष्ट्रातील लघुउद्योग व उद्योगसाहाय्य यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

छापखाना, लाकडाची वखार, यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे वर्कशॉप किंवा औषधांचे दुकान अशा कोणत्याही ठिकाणी गेलेल्या ग्राहकास ‘मालक बाहेर गेले आहेत, उद्या या’ हे उत्तर केव्हा ना केव्हा ऐकावे लागतेच. या उत्तरात ग्राहकाला वावगे काही वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. दर मालकाला ठाऊक, उधारी कोणाला द्यायची हे मालक ठरविणार, कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात आणि यंत्र अडले तर ते कसे चालू करायचे हेही मालकाच्याच हाताला माहीत. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपल्याकडे स्वावलंबनाचा गौरव म्हणून वापरली जाते. परंतु तो हात आजारी पडला, थकला किंवा कायमचा गेला तर व्यवसायाचे काय होते, हा प्रश्न त्या म्हणीत येत नाही.

मालकाविना चालू शकेल असा व्यवसाय उभा करण्यास लहान उद्योजकाला साहाय्य करणे, हा अलीकडच्या काळात व्यवस्थापन-सल्ल्याचा एक स्वतंत्र विषय झाला आहे. अमेरिकेत मायकेल गर्बर यांचे ‘द ई-मिथ’ हे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान मालक स्वतःच्याच धंद्यात मजुरासारखा राबतो, त्याऐवजी त्याने कामाची रीत बांधून द्यावी, हा विचार त्यानंतर जगभर पसरला. आपल्याकडील व्यवस्थापनाच्या वर्गांतही तो आता शिकविला जातो. मात्र तो जणू परदेशातून नुकताच आला असावा अशा थाटात मांडला जातो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. हा प्रश्न आपल्या भूमीत जुना आहे आणि त्याची काही उत्तरेही येथेच मिळालेली आहेत.

प्रस्तुत लेखात ‘अनुपस्थिती’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला आहे : मालक दिवसभरासाठी बाहेर असणे, आजारपणाने किंवा दुसऱ्या कामामुळे काही महिने दूर असणे, आणि निवृत्तीने वा मृत्यूने कायमचा दूर होणे. महाराष्ट्रात जे व्यवसाय या तिन्ही कसोट्यांना उतरले त्यांनी मालकाच्या हातातील व डोक्यातील ज्ञान वेळीच दुसऱ्यांच्या हाती सोपविले होते. याउलट, स्वातंत्र्योत्तर काळात लघुउद्योगांना साहाय्य करण्यासाठी ज्या संस्था व योजना निर्माण झाल्या त्यांनी उद्योग सुरू कसा करावा हे शिकविले, तो सोडता येण्याजोगा कसा करावा हे मात्र क्वचितच शिकविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पेढी, मुनीम आणि कायदा

मालकाच्या अनुपस्थितीत व्यवहार चालविण्याची रीत सावकारी पेढ्यांना चांगली अवगत होती. दूरच्या शहरातील शाखा गुमास्त्याच्या भरवशावर चाले, मुख्य पेढीवर मुनीम असे, आणि या दोघांवर देखरेख ठेवण्याचे साधन म्हणजे वही. रोजची नोंद कीर्दीत, त्यावरून खतावणी, आणि गावोगावच्या पेढ्यांशी होणारा पत्रव्यवहार यांतून मालकाला न पाहिलेल्या व्यवहाराचेही चित्र मिळे. हुंडीचा सारा व्यवहारच अनुपस्थितीवर उभा होता, कारण पैसे देणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी आणि दोघांचा मालक तिसऱ्याच गावी. परंतु ही व्यवस्था प्रामुख्याने जात, नाते व पिढीजात ओळख यांवर उभी असल्याने तिचा विस्तारही तेवढ्याच वर्तुळात होई. कारागिराच्या धंद्यात तर वहीचा उपयोग मर्यादितच, कारण तांबटाचा ठोका किंवा ओतकाम करणाऱ्याची नजर कीर्दीत लिहिता येत नाही.

इंग्रजी राजवटीत कायद्याने या प्रश्नाला नवे रूप दिले. १८५७ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाचे तत्त्व येथे आले, आणि कंपनी ही तिच्या भागधारकांपेक्षा वेगळी, त्यांच्यामागेही टिकणारी व्यक्ती आहे ही कल्पना रूढ होऊ लागली. १९१३ च्या कंपनी कायद्याने खाजगी कंपनीस स्वतंत्र स्थान दिल्यामुळे कौटुंबिक व्यवसायांनाही हा मार्ग मोकळा झाला. तरीही बहुसंख्य लहान धंदे एकमालकीचे किंवा भागीदारीचेच राहिले. एकमालकीच्या धंद्यास मालकाहून वेगळे अस्तित्वच नसते. भागीदारीबाबत १९३२ च्या कायद्याचे कलम ४२ असे की, भागीदारांत तसा वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते.

मोठ्या उद्योगांत मात्र मालकाची अनुपस्थिती नेहमीचीच होती, आणि ती सर्वस्वी हितकारक होती असे म्हणता येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्या मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चालत. भागधारक दूर आणि कारभार एजंटाच्या हाती. आरंभीच्या काळात अनेक एजंटांचा मोबदला नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर, सुताच्या पौंडामागे पाव आणा अशा हिशेबाने ठरे. गिरणी तोट्यात असली तरी एजंटाचे उत्पन्न चालू राही. ही पद्धती ३ एप्रिल १९७० पासून कायद्याने बंद झाली. याच्या उलट उदाहरण नागपूरचे आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपविला. बेझनजी रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते, कापड धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. व्यवस्था लावण्याचे कौशल्य हे धंद्याच्या तांत्रिक ज्ञानाहून वेगळे असते, ही जाण या निवडीत दिसते. परंतु टाटांचे भांडवल सामान्य कारागिराजवळ नसते. म्हणून आपण सायकलच्या दुकानापासून सुरू झालेल्या एका उद्योगाकडे वळू.

किर्लोस्करवाडी : चित्रकलेच्या शिक्षकाचा कारखाना

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकण्यासाठी गेले, पण रंगांधळेपणामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. मग ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, सायकल चालवायलाही शिकवीत. या व्यवसायाचा आरंभच एका भावाच्या अनुपस्थितीत झाला, ही बाब किर्लोस्करांच्या चरित्राचे वाचन करताना सहसा नजरेतून सुटते.

बढती डावलली गेल्यानंतर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे आणि त्यानंतर लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते असा समज शेतकऱ्यांत असल्याने नांगर विकला जाण्यास बराच काळ लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नांगराचा फाळ झिजतो आणि तो बदलावा लागतो. तीन वर्षांनी घेतलेला नवा फाळ जुन्या नांगरास बसायचा असेल तर दोन्ही एकाच मापाचे असले पाहिजेत, मग ते ओतणारा कामगार तोच असो वा नसो. गावच्या लोहाराला या अडचणीशी कर्तव्य नव्हते. तो प्रत्येक फाळ समोरच्या नांगरास ठोकून बसवून देई. कारखानदाराला मात्र माप कागदावर उतरविणे भाग होते. यंत्रचित्रे शिकविणारा शिक्षक कारखानदार झाला याचा अर्थ येथे लागतो. प्रमाणबद्ध रेखाचित्र म्हणजे करणाऱ्याच्या डोक्यातील वस्तू दुसऱ्याच्या हातून घडवून घेण्याची लिपीच होय. लक्ष्मणरावांच्या यशाची कारणे सांगताना चिकाटी, स्वदेशी व साहस यांचा उल्लेख आवर्जून होतो. त्यांच्या अध्यापनाचा मात्र होत नाही. अध्यापनाच्या पेशातील आपण तरी तो करावयास हरकत नाही.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या निर्णयामुळे सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने भरलेला सुमारे ३२ एकरांचा तो माळ होता. लहान उद्योजकाला शासनाने केलेल्या साहाय्याचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे आणि फलदायी उदाहरण आहे. याच बाळासाहेबांनी पुढे १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले आणि १९३९ च्या आरंभी औंधची नवी राज्यघटना अमलात आली. राजाविना चालणारे राज्य उभारण्याचा प्रयोग करणाऱ्या संस्थानिकाच्या आश्रयाने हा कारखाना वाढला, हा योगायोग विसरता येण्यासारखा नाही.

वाडीत कामाची विभागणी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे होती. यंत्रशाळेची बाजू शंभोराव जांभेकर यांनी सांभाळली. पत्रव्यवहार, हिशेब व तिजोरी मंगेशराव रेगे यांच्या स्वाधीन होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंते म्हणून पुढे आले. रखवालीचे काम तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर सोपविले गेले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. या नेमणुकांत पदवीपेक्षा कामाची पारख अधिक दिसते, तसेच एकदा सोपविलेल्या कामात मालकाने पुन्हापुन्हा हात घालू नये हा संयमही त्यामागे असावा. विश्वास हा शब्द पेढीच्या काळातही होता, पण तेथे तो जन्माने मिळे. येथे तो कामाने मिळविता येत होता.

जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या भागीदारीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. वाङ्मयेतिहासात या मासिकाचे स्थान सर्वज्ञात आहे. कारखान्याच्या दृष्टीने पाहता, गावोगावचे ग्राहक व विक्रेते यांच्याशी मालकाने स्वतः न जाता बोलण्याचे ते साधन होते. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले आणि पुढे कारभार त्यांच्याकडे येत गेला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक अशा स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. म्हणजे या साऱ्या विस्ताराच्या वेळी संस्थापक हयात होते, पण विस्तार त्यांच्या एका जागी बसण्यावर अवलंबून नव्हता.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. किर्लोस्करवाडीत घरे, शाळा व पाणी या सर्वांची सोय मालकांनी केली. मालकाविना चालणारा कारखाना उभा राहण्यापूर्वी काही दशके मालक तेथे सर्वत्र उपस्थित होता. शिवाय सूत्रे कुटुंबातच राहिली. पुढील पिढ्यांतील मालकीविषयक वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचविला. मात्र तो वाद चालू असतानाही पंप व इंजिने तयार होतच राहिली. मालकीचा वारसा आणि कामाचा वारसा हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

साहाय्य-संस्थांचा काळ

स्वातंत्र्यानंतर एका संस्थानिकाच्या औदार्याची जागा नियोजनाने घेतली. फोर्ड फाउंडेशनच्या सहकार्याने आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने १९५३-५४ मध्ये भारतातील लघुउद्योगांची पाहणी केली. तिच्या पाठोपाठ लघुउद्योगांसाठी केंद्रीय संघटना, ठिकठिकाणच्या सेवा-संस्था आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ अशी रचना उभी राहिली. भाडेखरेदीने यंत्रे मिळू लागली, तांत्रिक सल्ला मिळू लागला. महाराष्ट्रात १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमआयडीसी’ हा शब्द तालुक्याच्या गावीही घरोघरी पोहोचला. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जमीन, यंत्र व कर्ज यांवाचून उद्योग सुरूच होत नाही.

तथापि, या व्यवस्थेने मालकाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे महत्त्वाचे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबाद येथील लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने १९६४ मध्ये काकिनाडा येथील व्यावसायिकांसाठी अल्पमुदतीचे वर्ग घेतले. माणसातील सिद्धिप्रेरणा प्रशिक्षणाने वाढविता येते, हे त्यांचे गृहीतक होते. विंटर यांच्यासमवेत लिहिलेल्या १९६९ च्या ग्रंथात त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त दिला. गुजरातेत १९७० पासून उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादची संस्था आणि १९८८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. या परंपरेने हजारो तरुणांना धंद्यात उतरण्याचे धैर्य दिले. पण तिचा सारा भर एका व्यक्तीच्या मनावर होता. उद्योजक हाच उद्योग, असे समीकरण त्यातून अधिक पक्के झाले. ज्याची जिद्द जागी केली त्याने पुढे आपले काम दुसऱ्याला कसे शिकवावे, हा धडा बहुधा अभ्यासक्रमाबाहेर राहिला. आपल्या महाविद्यालयांतील ‘उद्योजकता विकास’ या विषयाची प्रकरणे पाहिली तरी हेच आढळते. प्रकल्पनिवड, प्रकल्प अहवाल, परवाने, अर्थसाहाय्य, विपणन इतके झाले की बहुतेक अभ्यासक्रम संपतो.

धोरणाचा आणखी एक परिणाम कमी चर्चिला गेला आहे. १९६७ मध्ये ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. पुढे ही संख्या आठशेच्या वर गेली आणि अखेरच्या २० वस्तूंवरील आरक्षण २०१५ मध्ये उठले. लघुउद्योग कोणता हे यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवरून ठरे. ही मर्यादा १९६६ मध्ये साडेसात लाख रुपये होती, १९७५ मध्ये दहा लाख, १९८० मध्ये वीस लाख, १९८५ मध्ये पस्तीस लाख आणि १९९१ मध्ये साठ लाख झाली. मर्यादा ओलांडली की सवलती जात. साहजिकच, वाढलेल्या मालकाने तोच कारखाना मोठा करण्यापेक्षा शेजारच्या गाळ्यात भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने दुसरा काढणे शहाणपणाचे ठरे. कागदावर चार उद्योग आणि प्रत्यक्षात चार गाळ्यांत फिरणारा एकच मालक! पगारी व्यवस्थापक, फोरमन, स्वतंत्र हिशेबनीस अशी माणसांची उतरंड उभी राहण्यासाठी एका छताखाली जेवढे काम लागते तेवढे त्या छताखाली येऊच दिले गेले नाही. संरक्षण देणाऱ्या धोरणानेच मालकाला धंद्याशी बांधून ठेवले, असे म्हणणे कठोर वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

बँकांचा व्यवहारही याच दिशेचा होता. खाजगी मर्यादित कंपनी केली तरी कर्जासाठी संचालकाची वैयक्तिक हमी व राहते घर तारण मागितले जाई. कायद्याने वेगळे केलेले मालक व व्यवसाय बँकेच्या टेबलावर पुन्हा एक होत. तारणाविना कर्जासाठी शासनपुरस्कृत हमी योजना २००० मध्ये आली, ती या अडचणीच्या जाणिवेतूनच.

ऐंशी रुपयांची उसनवारी

याच काळात, सरकारी यंत्रणेच्या परिघाबाहेर, गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर एक वेगळी गोष्ट घडत होती. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी पापड लाटण्यास आरंभ केला. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती.

छगनबापा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारेखांनी पैशाहून मोलाच्या गोष्टी दिल्या, त्या सल्ल्याच्या स्वरूपात होत्या. आरंभी दोन प्रतींचे पापड होत असत, एक चांगला व एक स्वस्त. एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधीही उणे येऊ देऊ नका, हा त्यांचा आग्रह होता. दुसरा आग्रह असा की हे धर्मकार्य नसून व्यवसाय आहे, तेव्हा हिशेब चोख हवा. लहान व्यावसायिकाला साहाय्य करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या दस्तऐवजात इतका नेमका सल्ला क्वचितच सापडेल. प्रत दोन असल्या की प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवावे लागते, आणि ठरविणारा म्हणजेच मालक. प्रत एक झाली की निर्णय नियमात बदलतो.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. खाटेवर पापड पसरायचे व खाली स्टोव्ह पेटवायचा, ही युक्ती त्यांनी शोधली. ही युक्ती लहान असली तरी तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. ती कोणा एकीच्या हातगुणावर अवलंबून नव्हती, पाहणाऱ्या कोणालाही दुसऱ्या दिवसापासून करता येत होती. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न मात्र फसला. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव स्वीकारले गेले, १९६६ मध्ये संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. १९६८ मध्ये गुजरातेतील वालोड येथे महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली.

पुढे स्थिरावलेली कार्यपद्धती थोडक्यात अशी : डाळ व इतर सामग्रीची खरेदी एकत्रित होते. पीठ शाखेवर मळले जाते. भगिनी तयार पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी पापड शाखेवर आणून देतात. तेथे तपासणी व वजन होऊन मजुरी मिळते. चव ज्या टप्प्यावर ठरते तो टप्पा केंद्रात, आणि हातांची संख्या ज्या टप्प्यावर लागते तो घरोघरी, अशी ही विभागणी आहे. प्रत्येक सभासद भगिनी मालक मानली जाते, नफ्यातोट्याची वाटणी समान असते आणि कारभार एकवीस जणींच्या समितीकडे असतो. आता सभासदसंख्या सुमारे ४५ हजार आहे. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा संस्थेस बासष्ट वर्षे होत आली होती आणि सात संस्थापिकांच्या दैनंदिन उपस्थितीची तिला कित्येक वर्षे गरज उरली नव्हती.

येथेही अतिरेकी गौरव टाळलेला बरा. घरी बसून नगावर वा वजनावर केलेले काम हे श्रमशास्त्राच्या दृष्टीने निर्वेध नाही, आणि पंचेचाळीस हजार मालकांपैकी प्रत्येकीचे मत किती पोहोचते हा प्रश्नही उरतो. तरीही ‘मालकाविना’ या शब्दाला येथे जो अर्थ मिळाला तो किर्लोस्करवाडीहून निराळा आहे. तेथे एका मालकाने आपले काम अनेकांत वाटले, येथे मालकीच अनेकींत वाटली गेली.

एकट्याचा व्यवसाय

आतापर्यंतची दोन्ही उदाहरणे माणसे गोळा करू शकलेल्या व्यवसायांची आहेत. लघुउद्योगांचे बहुसंख्य जग असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार २०१५-१६ मध्ये देशात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची संख्या सुमारे ६ कोटी ३४ लाख होती आणि त्यांत सुमारे ११ कोटी १० लाख लोक काम करीत होते. म्हणजे एका उद्योगात मालकासह सरासरी दोन माणसेसुद्धा नाहीत. यांपैकी सुमारे ९६ टक्के उद्योग एकमालकीचे होते. काम सोपवायला दुसरे माणूसच नसेल तर सोपविण्याची रीत शिकविणारा सल्ला ऐकणाराला काय वाटत असेल, याचा विचार सल्लागारांनी करावयास हवा.

अर्थात ‘दुसरे माणूस नाही’ हे विधानही तपासून घेतले पाहिजे. मालक माल आणायला गेला असता गल्ल्यावर कोण बसते? उधारीच्या वहीतील नावे कोणाला तोंडपाठ असतात? घरामागच्या कारखान्यात कामगाराला सकाळी किल्ली कोण देते? बहुसंख्य ठिकाणी या प्रश्नांचे उत्तर मालकाची पत्नी किंवा आई असेच आहे. याच पाहणीत एकमालकीच्या उद्योगांपैकी स्त्रियांच्या मालकीचे उद्योग सुमारे २० टक्के आढळले. उरलेल्या ८० टक्क्यांत मालकाच्या अनुपस्थितीत व्यवसाय चालविणाऱ्या स्त्रियांचे नाव परवान्यावर नाही, बँकेच्या सहीवर नाही आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरही नाही. मालकाच्या मृत्यूनंतर तिला तोच धंदा नव्याने सुरू करावा लागतो. पुरवठादाराकडे पत, विजेची जोडणी, करनोंदणी सारे नव्याने. सोपविण्याचे शिक्षण द्यायचे तर त्याची पहिली विद्यार्थिनी कोण असावी, हे सांगावयास नको.

जमशेद इराणी समितीने २००५ मध्ये एकट्या व्यक्तीच्या कंपनीची शिफारस केली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ती प्रत्यक्षात आणली. अशी कंपनी नोंदविताना मालकाला, आपला मृत्यू झाल्यास किंवा आपण करार करण्यास असमर्थ झाल्यास सभासद कोण होईल त्याचे नाव त्या व्यक्तीच्या लेखी संमतीसह द्यावे लागते. एकट्या मालकाला अनुपस्थितीचा प्रश्न आरंभीच विचारणारी तरतूद त्यापूर्वीच्या आपल्या कंपनी कायद्यांत नव्हती. नाव दिले की कायद्याचे समाधान होते. दर, उधारी, पुरवठादार आणि अडलेले यंत्र यांविषयी त्या अर्जात रकाना नाही.